रायचूरची भाकर

संडे स्कूलमध्ये पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगताना आपले शिक्षक बहुधा केडगावच्या मुक्तिसदनापासून आरंभ करतात. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच केले. पण हैदराबादेतील आपल्या मराठी मंडळीने त्यांची ओळख रायचूरपासून करून घ्यावी, असे आता आम्हांस वाटते. रायचूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते.

साल १८७४. दक्षिणेत दुष्काळ पडला होता. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगून निर्वाह करणारे विद्वान ब्राह्मण. जवळचे होते नव्हते ते तीर्थयात्रा व दानधर्म यांत संपले, आणि मोलमजुरी करणे त्या घराण्यास ठाऊक नव्हते. वडील उपासमारीने गेले. मग आई, भाऊ श्रीनिवास, थोरली बहीण व सोळा वर्षांच्या रमाबाई अशी चौघे पायी चालत रायचुरास पोहोचली. तेथे आई तापाने आडवी झाली व ग्लानीत खावयास मागू लागली. रमाबाई एका ब्राह्मण बाईच्या दारी गेल्या, पण मागण्याची लाज अशी की तोंडातून शब्द फुटेना, डोळे मात्र वाहू लागले. त्या बाईने काय ते ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. आईला तो खाता आला नाही. तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना म्हणून रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी पडली तेव्हा त्यांनी ती डोक्यावर घेतली. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते.

पुढे बहीणही गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पटकीने पती गेले. पदरी लहानगी मनोरमा. कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी मिळविलेल्या या बाईंनी एवढे दुःख पोटात घालून १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. पाहणाऱ्यास सर्व काही यशस्वी दिसत होते.

परंतु त्या स्वतःच स्वतःस विचारू लागल्या होत्या, की माझ्या अंतःकरणास शांती का नाही? विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. तो गृहस्थ मंडळीस उपदेश करीत होता आणि आतून रिताच होता, हे त्यास उशिरा कळले. रमाबाईंनी त्यात आपले चित्र पाहिले. १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांनी मान्य केले की आपण बुद्धीने ख्रिस्ती धर्म घेतला, ख्रिस्त मात्र अजून घेतलेला नाही. विरोधक टपून बसलेले असताना एका संस्थेच्या चालिकेने असे कबूल करावे, याला आम्ही मोठे धैर्य समजतो.

येथे थोडे आमचे. मंडळीत कोणाचे माणूस गेले की आम्ही भेटीस जातो आणि दोन मिनिटांत रडू नका, विश्वास धरा, असे सांगून मोकळे होतो. एका विधवा भगिनीने एकदा आम्हांस शांतपणे विचारले, की मग रडायचे तरी कोणापुढे? आम्ही उत्तर न देता चहा पिऊन परतलो.

रमाबाईंनी आपले रडणे पुसून टाकले नाही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःच्या भुकेची आठवण त्यांस स्वस्थ बसू देईना. त्या तिकडे जातीने गेल्या व अनाथ मुलींना घेऊन आल्या. पुढे त्यांची संख्या शेकड्यांनी वाढली, आणि त्यांच्यासाठीच केडगाव उभे राहिले. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष छापली, तीत त्या भाकरीच्या तुकड्याची हकीकत लाजेसकट लिहून ठेवली.

१९१२-१३ च्या सुमारास मायलेकींनी गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली. तेही निजामाचेच राज्य. हैदराबादहून मुंबईस जाताना वाडीपुढे गुलबर्गा लागते. वाडीहून दक्षिणेची गाडी धरली तर रायचूर. रमाबाईंच्या मनात तेव्हा काय आले असेल, ते त्याच जाणोत. मनोरमाबाई १९२१ च्या जुलैत वारल्या. त्यानंतरही वृद्ध आई पवित्र शास्त्राच्या आपल्या मराठी भाषांतराचे काम करीतच होती. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी देह ठेवला.