दिव्याची काजळी, बांबूची काडी : मिथिलेच्या गंगादेवींचा चित्रप्रवास

शेणाने सारवलेली भिंत, वाटलेला तांदूळ, दिव्याची काजळी आणि बांबूची काडी. हे सामान कुठल्याही खेड्यातल्या घरात सापडेल. याच सामानावर हात बसलेल्या बिहारमधल्या एका बाईची चित्रं पुढे अमेरिकेपर्यंत गेली आणि भारत सरकारने तिला पद्मश्री दिली. तिचं नाव गंगादेवी.

गंगादेवींचा जन्म १९२८ साली बिहारच्या मधुबनी भागातल्या चतरा गावात, एका कायस्थ कुटुंबात झाला. चित्रकलेच्या शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. आईचा हात बघत बघत त्या शिकल्या. मिथिलेत ही कला बायकांचीच. लग्न ठरलं की घरातल्या बायका नवरा-नवरीच्या खोलीची भिंत रंगवतात. त्या खोलीला कोहबर म्हणतात. भिंतीवर कमळ, बांबू, मासे, पोपट काढायचे आणि जोडप्याचा संसार फुलावा, वंश वाढावा अशी इच्छा करायची. पालघर-डहाणूकडे वारली बायका तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात, तसाच हा प्रकार.

रंग घरचा, खर्च शून्य

मिथिलेत रंग घरातच तयार व्हायचा. पेटत्या दिव्यावर भांडं धरायचं, बुडाला जमलेली काजळी खरवडायची आणि डिंकाच्या पाण्यात घोटायची, की झाली काळी शाई. हळदीचा पिवळा, पानांच्या रसाचा हिरवा, फुलांचा लाल, तांदळाचा पांढरा. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला की कुंचला तयार. कागद वापरायची वेळ आली तेव्हा त्यावरही शेणाच्या पाण्याचा हात फिरवायची पद्धत पडली. त्याने कागदाला मातीच्या भिंतीसारखा रंग येतो.

या सगळ्यात वाया जाणारं काही नव्हतं. पावसात भिंत धुपली तर रंग मातीतच जायचा. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवायची आणि चित्र पुन्हा काढायचं.

कायस्थ घरांतल्या शैलीला कचनी म्हणतात. यात रंग भरण्यापेक्षा बारीक रेघांवर भर असतो आणि काळा, लाल असे मोजकेच रंग लागतात. गंगादेवींची रेघ तर इतकी नाजूक, की साडीची नक्षी, झाडाचं पान, माशाचं खवलं वेगवेगळं ओळखू यावं.

संसार मोडला, रेघ टिकली

लग्नाच्या खोल्या रंगवणाऱ्या या बाईचा स्वतःचा संसार मात्र मोडला. मूलबाळ राहिलं नाही म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलं. घरात सवत आली आणि गंगादेवींचा आधार गेला. हातात पैसा नाही, शिक्षण नाही. होती ती फक्त आईकडून आलेली कला.

त्याच काळात १९६६-६७ साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. शेतं करपली, हाताला काम उरलं नाही. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीत पाठवलं. भिंतीवरची चित्रं कागदावर काढा, ती विकली जातील, असं त्यांनी गावोगावच्या बायकांना समजावलं. पुढे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची कला जगासमोर आणण्यातही याच कुलकर्णींचा मोठा वाटा होता.

कागद हाती आला आणि मिथिलेतल्या कितीतरी बायकांना कमाईची वाट सापडली. गंगादेवी त्यांतल्याच एक. त्यांनी रामायण काढलं. माणसाच्या जन्मापासूनचं आयुष्य टप्प्याटप्प्याने दाखवणारी चित्रं काढली. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१९८५ साली त्या अमेरिकेला गेल्या. तिथे जत्रेतल्या पाळण्यासारखी, रुळांवरून वर-खाली धावणारी रोलर कोस्टर पाहिली आणि तीही आपल्या मिथिलेच्या रेघांत कागदावर उतरवली. विषय परदेशी, पण हात गावचाच राहिला.

शेवटचं कोहबर

त्यानंतर गंगादेवींना कर्करोगाने गाठलं. दिल्लीत उपचार सुरू झाले. आजारपण आणि दवाखान्यातले दिवस हेही त्यांच्या चित्रांचे विषय झाले. त्याच दुखण्यात त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एका खोलीच्या भिंतींवर संपूर्ण कोहबर रंगवलं. नवऱ्याने टाकलेल्या, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या बाईने नव्या संसारासाठी काढायचं चित्र काढलं. १९९१ साली त्यांचं निधन झालं.

ते कोहबर आज नाही. २०१५ साली संग्रहालयाच्या नूतनीकरणात त्या भिंती गेल्या आणि कलेच्या जाणकारांनी मोठी हळहळ व्यक्त केली. गावात भिंत धुपली तर पुन्हा लिहिणारा हात घरातच असतो. इथे तो हात चोवीस वर्षांपूर्वीच गेला होता.

गंगादेवींची कागदावरची चित्रं मात्र जपून ठेवलेली आहेत. मिथिलेत आता बरेच चित्रकार बाजारातले तयार रंग वापरतात, कारण काजळी धरायला आणि पानं वाटायला वेळ लागतो. पण लग्न निघालं की कोहबर आजही लिहिलं जातं. आई लिहिते, शेजारी बसलेली लेक बघते. गंगादेवीही अशाच बघत बघत शिकल्या होत्या.