ज्यांनी देशाला मताचा अधिकार दिला, त्यांनाच भंडाऱ्याने हरवलं होतं!

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदामंत्री. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लोकसभेची पायरी कधीच चढता आली नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दोनदा हार पत्करली. त्यातला दुसरा पराभव झाला भंडाऱ्यात.

बाबासाहेब पक्षनेते म्हणून कसलेले होते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताच्या निवडणुकीत चांगलं यश मिळवलं. १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात गेले, पण हिंदू कोड बिल रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून उभे राहिले. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना १४,५६१ मतांनी हरवलं. त्यानंतर बाबासाहेब राज्यसभेत गेले.

मग आली १९५४ ची भंडारा पोटनिवडणूक.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. म्हणजे एक जागा सर्वसाधारण, एक राखीव आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर बाबासाहेब, तर सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दोघांची युती होती. मधुमेह आणि गुडघेदुखीने बेजार असतानाही बाबासाहेबांनी सभा घेतल्या, नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली.

इथेच खरी परीक्षा झाली. इतर समाजाचे मतदार आपलं दुसरं मत बाबासाहेबांना देणार नाहीत, अशी कार्यकर्त्यांना धास्ती होती. मग आपणही एकच मत द्यावं आणि दुसरं कुजवावं, असा विचार पुढे आला. मुंबईत १९५२ मध्ये हजारो मतं वाया गेली होती आणि त्याविरुद्ध बाबासाहेबांनी दादही मागितली होती. भंडाऱ्यात ही युक्ती त्यांनी साफ नाकारली, असं सांगितलं जातं. हरलो तरी चालेल, पण मत वाया घालवायचं नाही, ही त्यांची भूमिका होती.

निकाल लागला. अशोक मेहता जिंकले. बाबासाहेब मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे ८ हजार मतांनी हरले. म्हणजे युतीतला एक लोकसभेत पोहोचला, दुसरा बाहेरच राहिला.

पुढे ऑक्टोबर १९५६ मध्ये भंडाऱ्याशेजारच्या नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं, तेव्हा ते राज्यसभेचेच सदस्य होते. त्यांच्या संकल्पनेतला रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये त्यांच्या माघारी उभा राहिला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघही इतिहासजमा झाले.

भंडाऱ्याची ती निवडणूक आज कुणाला फारशी आठवत नाही. विजयी उमेदवाराचं नावही अनेकांना माहीत नसेल. पण पराभव समोर दिसत असतानाही मताचं मोल जपणारा उमेदवार या मातीने पाहिला होता, हे विसरून चालणार नाही.