भूशास्त्रज्ञ जेम्स हटन

भूगोलाच्या तासाला दगडांचे नमुने मेजावर मांडले म्हणजे विद्यार्थी प्रथम त्यांची नावे विचारतात. काळा, जड व बारीक कणांचा तो बेसॉल्ट. पांढऱ्या, गुलाबी व काळ्या स्फटिकांनी ठिपकेदार दिसणारा तो ग्रॅनाइट. बोटांस वाळूसारखा खरखरीत लागतो तो वालुकाश्म. एवढे सांगितले की त्यांचे समाधान होते. हा दगड झाला कसा, असे मात्र क्वचितच कोणी विचारतो. ज्या गृहस्थाने हा प्रश्न आयुष्यभर सोडला नाही, त्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

जेम्स हटन याचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे १७२६ साली एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो अगदी लहान असतानाच त्याचे वडील वारले. सतराव्या वर्षी त्यास एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारीस ठेवण्यात आले. परंतु दस्तऐवजांच्या नकला करण्यापेक्षा सोबत्यांना रसायनांचे प्रयोग करून दाखविण्यातच त्याचे मन रमे. वकिलाने त्यास कामातून मोकळे केले. पुढे एडिंबरो, पॅरिस व लायडन येथे शिकून त्याने १७४९ मध्ये वैद्यकाची पदवी मिळविली, पण वैद्यकी केली नाही. एका मित्राच्या साहाय्याने काजळीपासून नवसागर करण्याची कृती त्याने शोधली होती. तिच्यावर पुढे कारखाना निघाला आणि त्यास चरितार्थाची विवंचना उरली नाही.

मग त्याने नांगर धरला. बर्विकशायरमध्ये वडिलांकडून आलेले शेत होते. ते नीट कसता यावे म्हणून त्याने नॉर्फोक परगण्यात राहून शेतीचे नवे प्रकार शिकून घेतले. आमच्या मते हटनची खरी पाठशाळा ती हीच. पावसाळी पाणी शेतातील माती ओढ्यात, ओढा नदीत आणि नदी समुद्रात नेऊन टाकते, हे प्रत्येक शेतकरी पाहतो. हटनने त्यापुढचा प्रश्न विचारला. खडक झिजून माती होते आणि माती समुद्रास मिळते, असे युगानुयुगे चालले असेल, तर जमीन केव्हाच संपून जावयास हवी होती. ती संपली नाही, याचा अर्थ कोठे तरी नवी जमीनही घडत असली पाहिजे. समुद्रतळाशी साचलेला गाळ दडपून खडक होतो, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तो वर उचलला जातो आणि पुन्हा झिजू लागतो, असा सिद्धांत त्याच्या मनात हळूहळू आकारास आला.

असे म्हणणे त्या काळी सोपे नव्हते. धर्मग्रंथांवरून केलेल्या गणितानुसार पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे मानले जाई. जर्मनीतील फ्रायबर्गचा विख्यात अध्यापक वेर्नर तर ग्रॅनाइट व बेसॉल्टदेखील आदिसमुद्राच्या पाण्यातूनच तळाशी बसले असे शिकवीत असे. १७८५ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे हटनचा निबंध वाचला गेला. पहिल्या दिवशी तो स्वतः आजारी असल्यामुळे त्याचा मित्र, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक, याने तो वाचला.

सिद्धांत मांडून स्वस्थ बसणारा हा मनुष्य नव्हता. त्याच वर्षी तो ग्लेन टिल्ट नावाच्या डोंगरी खोऱ्यात गेला. ग्रॅनाइट पाण्यातून सर्वांआधी खाली बसलेला असेल, तर तो इतर खडकांच्या तळाशी निमूट पडलेला दिसेल. उलट तो एके काळी वितळलेला असेल, तर भोवतालच्या खडकांत घुसलेला आढळेल. नदीच्या पात्रात त्यास तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा काळसर खडकात चहूकडे शिरलेल्या दिसल्या. त्यास इतका हर्ष झाला की सोबतच्या वाटाड्यांना वाटले, साहेबांस सोन्याचांदीची खाणच सापडली!

याहूनही मोठा पुरावा १७८८ साली मिळाला. जॉन प्लेफेअर व जेम्स हॉल या मित्रांसह हटन होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने सिकार पॉइंट येथे गेला. तेथे खाली करड्या खडकाचे थर भिंतीसारखे उभे आहेत, आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे पसरले आहेत. गाळ तर नेहमी आडवाच साचतो. म्हणजे खालचे थर आधी साचले, कठीण झाले, उभे लोटले गेले, पाण्याबाहेर येऊन झिजले आणि मग त्यांच्यावर नवा गाळ पसरला. या दोन खडकांच्या मधल्या एका रेषेत कोट्यवधी वर्षे लोपली आहेत.

आमच्या बेळगावकडील विद्यार्थ्यांनी गोकाकचा धबधबा पाहिलाच असेल. घटप्रभा ज्या कड्यावरून उडी घेते तो असाच वालुकाश्म, म्हणजे कोणे एके काळची वाळू. त्याच जिल्ह्यातील काळा बेसॉल्ट मात्र लाव्हारसाचा. तो पृष्ठभागावर लवकर निवाल्यामुळे त्याचे कण बारीक राहिले. ग्रॅनाइट खोलवर सावकाश निवतो, म्हणून त्याचे स्फटिक डोळ्यांना दिसतात. आणि आम्हां गोमंतकीयांच्या घरांचे जांभ्याचे चिरे? ऊन आणि पाऊस यांनी मूळ खडक कुजून, त्यातील लोह मागे राहून झालेला तो दगड आहे.

हटनच्या सगळ्याच गोष्टी बरोबर होत्या असे नाही. वाळूचा दगड बनण्यास तीव्र उष्णता लागते असे तो मानी; वस्तुतः वरचा दाब आणि पाण्यातील चुना किंवा सिलिका कणांना सांधतात. प्रयोगशाळेतील भट्टीवरून पृथ्वीची परीक्षा करणे त्यास मान्य नव्हते. म्हणून हॉलने गुरुतुल्य मित्राच्या हयातीत आपले प्रयोग लांबणीवर टाकले. पुढे त्याने दाखविले की वितळलेला बेसॉल्ट झटकन निवविला तर काच होते, सावकाश निवविला तर पुन्हा दगड होतो. हा प्रयोग हटनच्याच बाजूचा होता. तो पाहण्यास हटन उरला नव्हता.

१७९५ साली त्याचा ग्रंथ दोन खंडांत निघाला. त्याची भाषा इतकी क्लिष्ट की थोड्यांनीच तो वाचला. धर्मनिंदेचा आरोप त्यापूर्वीच झाला होता. मूत्राशयातील खड्यांच्या वेदना सोशीत तो अखेरपर्यंत लिहीत राहिला आणि २६ मार्च १७९७ रोजी वारला. १८०२ मध्ये प्लेफेअरने सोप्या, रेखीव भाषेत त्याचे विचार पुन्हा मांडले, तेव्हा कोठे जगाने ते ऐकले. आज पृथ्वीचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे ठरले आहे. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत हटनला पुरले, त्या जागी त्याच्या नावाची पाटी १९४७ साली बसविण्यात आली.