पु. ल. देशपांडे : नभोवाणी आणि श्राव्य विनोदाची घडण

पु. ल. देशपांडे यांच्या विनोदाचा विचार बहुधा दोन वेगळ्या वाटांनी होतो. समीक्षक त्यांचे मुद्रित ग्रंथ समोर ठेवतात, तर सर्वसामान्य रसिक त्यांच्या कथाकथनाच्या ध्वनिमुद्रिकांचे स्मरण करतात. या दोन वाटा जिथे मिळतात त्या नभोवाणीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्यांची नभोवाणीवरील भाषणे व श्रुतिका पुढे ग्रंथरूपाने संकलित झाल्या आणि त्यांचे कथाकथन ध्वनिफितींवर उपलब्ध झाले. ही दोन्ही संकलने शेजारी ठेवून एक वाचले आणि दुसरे ऐकले, तर त्यांच्या विनोदाची जडणघडण कानाच्या अंगाने कशी झाली हे उमगते. त्यासाठी त्यांच्या चरित्राकडेही त्याच अंगाने पाहावे लागते.

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण जोगेश्वरी आणि पार्ले येथे गेले. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी यांनी रवीन्द्रनाथांच्या 'गीतांजली'चा अभंगरूप अनुवाद केला होता. घरात गाणे होते. भोवताली कीर्तने, व्याख्याने आणि नाट्यसंगीत होते. बोटे पेटीवर लवकर स्थिरावली. मुंबईत नियमित नभोवाणी प्रक्षेपणाचा आरंभ २३ जुलै १९२७ रोजी झाला, तेव्हा ते आठ वर्षांचेही नव्हते. कीर्तनकाराचा प्रत्यक्ष समोर उभा असलेला आवाज आणि यंत्रातून येणारा अदृश्य वक्त्याचा आवाज, हे दोन्ही अनुभव ज्या पिढीला घडत्या वयात एकत्र मिळाले, त्या पिढीचे ते प्रतिनिधी होत.

१९३७च्या सुमारास, म्हणजे विशीही गाठण्यापूर्वी, ते मुंबई केंद्रावरील नाटिकांत भाग घेऊ लागले. अनंत काणेकरांसारख्या लेखकाच्या श्रुतिकेत त्यांना भूमिका मिळाली. १९४४ साली 'अभिरुचि'त 'भय्या नागपूरकर' हे त्यांचे व्यक्तिचित्र प्रसिद्ध झाले. लेखक म्हणून लौकिक होण्यापूर्वीच ध्वनिक्षेपकासमोर बोलण्याचा सराव त्यांना झालेला होता, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाळेतील शिक्षकी, बेळगाव व मुंबई येथील महाविद्यालयांतील अध्यापन आणि चित्रपट अशी भ्रमंती पुढे काही वर्षे चालू राहिली. 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटात तर लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशा बहुतेक बाजू त्यांनीच सांभाळल्या. या भटकंतीत त्यांच्या कानांनी पुष्कळ संचय केला. बेळगावच्या वास्तव्यातील कानडी वळणाची मराठी 'रावसाहेब'मध्ये आणि रत्नागिरीची अनुनासिक, तिरकस मराठी 'अंतू बर्वा'मध्ये अवतरली, ती या संचयातूनच.

१९५५ साली पुलं आकाशवाणीच्या नोकरीत दाखल झाले. साहित्यिक व कलावंत यांना निर्माते म्हणून पाचारण करण्याचे धोरण त्या काळात आकाशवाणीने स्वीकारले होते. नाट्यविभागाचे प्रमुख निर्माते या नात्याने त्यांनी काम पाहिले. या नोकरीत एक विसंगती होती. १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती आणि ती १९७१ पर्यंत पूर्णतः टिकून राहिली. पेटीवर जीव असलेला हा कलावंत, त्याच्या वाद्याला मज्जाव असलेल्या संस्थेच्या सेवेत होता. सरकारी माध्यमाच्या अशा मर्यादा त्यांच्यातील विनोदकाराला जवळून पाहता आल्या. मात्र त्याच माध्यमाने त्यांना एक शिस्तही दिली.

ही शिस्त कोणती? नभोवाणीवर बोलणाऱ्याला चेहरा नसतो, हातवारे नसतात, नेपथ्य नसते. पात्र रंगमंचावर आले की प्रेक्षक त्याला पाहतो. श्रुतिकेत पात्र बोलेपर्यंत ते अस्तित्वातच येत नाही. त्यामुळे पहिल्याच वाक्यात त्याचे वय, गाव, पेशा आणि स्वभाव सूचित व्हावा लागतो. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ध्वनिप्रक्षेपणगृहात हसणारे कोणी नसते. ऐकणारा आपल्या घरी असतो. तो हसला की नाही हे वक्त्याला कळत नाही. विनोदानंतर किती थांबायचे हे प्रतिसादावरून ठरवता येत नसल्याने तो विराम वाक्यरचनेतच बसवावा लागतो. वेळेचे बंधन तर काटेकोर असते. पात्राची ओळख बोलीतून करून देणे, विराम वाक्यातच योजणे आणि शब्दांचा नेमका हिशेब ठेवणे, या तीन गोष्टी श्राव्य विनोदाच्या मुळाशी आहेत.

'बटाट्याची चाळ' (१९५८) या दृष्टीने वाचली असता ती मुळात ऐकण्याची वास्तू आहे हे ध्यानात येते. चाळीत भिंती पातळ असतात. शेजारी दिसण्याआधी ऐकू येतो. सोकाजी त्रिलोकेकर, अण्णा पावशे, आचार्य बर्वे यांची वर्णने थोडकी आहेत. त्यांना वेगळेपण येते ते बोलण्याच्या धाटणीने. शेवटच्या चिंतनात चाळीचा गलबला ओसरतो आणि एकच आवाज उरतो. ही रचना रंगमंचापेक्षा श्रुतिकेला जवळची आहे.

याच सुमारास आकाशवाणीने त्यांना दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी बी.बी.सी.कडे पाठविले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली आणि तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत पुलंचा समावेश होता. पंतप्रधान नेहरूंची दूरचित्रवाणीवरील मुलाखतही त्यांनी घेतली. म्हणजे देशातील एका नव्या माध्यमाचे दार उघडताना ते उंबरठ्यावरच होते. तरीही ही नोकरी सोडून १९६१ साली त्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर आणली. एकच माणूस, मोजके साहित्य आणि अनेक आवाज, असे तिचे स्वरूप होते. अदृश्य श्रोत्यांसाठी कमावलेला आवाज त्यांनी दृश्य श्रोत्यांपुढे नेला, असे या निर्णयाचे वर्णन करता येईल.

कथाकथनाच्या ध्वनिफिती याच पुढील टप्प्याची देणगी आहेत. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या ध्वनिफितींनी 'अंतू बर्वा', 'रावसाहेब', 'म्हैस' ही कथने महाराष्ट्राबाहेरच्या आणि परदेशस्थ मराठी घरांतही पोहोचविली. हा संग्रह सलग ऐकताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते: त्यात सभागृहाचे हसणे आहे. हशा आला की पुलं थांबतात, त्याला ओसरू देतात, कधी त्याच्यावर स्वार होऊन पुढची ओळ टाकतात. नभोवाणीसाठी लिहिलेल्या भाषणांत हे घडू शकत नाही. तिथे हशाची जागा वाक्याने स्वतःच भरून काढलेली असते. त्या काळातील बरेचसे प्रक्षेपण थेट होई आणि फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. म्हणून नभोवाणीवरील पुलं आज बव्हंशी कागदावर आणि रंगमंचावरील पुलं ध्वनीत, अशी उलटापालट झालेली आहे.

पुलंच्या विनोदावर एक आक्षेप असा घेतला जातो की तो आवाजाच्या आधारावर उभा आहे. आवाज काढून घेतला तर संहिता फिकी पडते. नभोवाणीवरील लेखन या आक्षेपाला उत्तर देते. तेथे टाळ्या नाहीत, चेहरा नाही, आणि आज आवाजही उरलेला नाही. तरी वाक्याची लय वाचकाला बरोबर त्याच जागी थांबविते. याचा अर्थ, आवाज हा संहितेला बाहेरून लावलेला अलंकार नसून संहितेतच नोंदलेला आहे. परंतु या यशाची एक किंमतही आहे. ध्वनिफितींच्या सवयीमुळे 'अंतू बर्वा' वाचणाऱ्याच्या कानात पुलंचाच आवाज उमटतो आणि वाचनाच्या अन्य शक्यता बंद होतात. अंतूच्या बोलण्यातील दारिद्र्य, एकटेपणा आणि उशिरा दिसणारी आर्द्रता ही हशाच्या लाटेखाली सहज दबून जाते. अभ्यासकाने म्हणूनच आधी ऐकावे, आणि मग तो ऐकलेला आवाज बाजूला सारून पुन्हा वाचावे.

१२ जून २००० रोजी, विवाहाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, पुलंचे पुण्यात निधन झाले. 'व्यक्ती आणि वल्ली'ला लाभलेला साहित्य अकादमी पुरस्कार (१९६५), इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद (१९७४) असे मानसन्मान त्यांच्या चरित्रात पुष्कळ आहेत. परंतु मराठी गद्याला त्यांनी दिलेले सर्वांत टिकाऊ देणे कदाचित असे की, कीर्तन, पुराण आणि ओटीवरच्या गप्पा यांतून आलेली सांगण्याची परंपरा त्यांनी ध्वनिक्षेपकाच्या शिस्तीतून नेली आणि ती पुन्हा छापील वाक्यात आणून ठेवली. त्या वाक्याला ऐकणारा हवा असतो. एक जरी मिळाला तरी ते पुरते.