फ्रेडरिक हॅरिस गॉफ : मृतांच्या पैशाला जिवंत डोळे देणारा बँकर

अमेरिकेतील कोणत्याही शहरात अन्नछत्र, बालवाडी, संगीतशाळा किंवा वृद्धांसाठीचे केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या वार्षिक अहवालात देणगीदारांची यादी असते. त्या यादीत बहुधा त्या शहराच्या किंवा परगण्याच्या नावाने ओळखले जाणारे एक कम्युनिटी फाउंडेशन आढळते. कोणा एका अब्जाधीशाचे नाव त्याला नसते आणि ते सरकारी खातेही नसते. अनेक लहानमोठ्या देणगीदारांनी ठेवलेली पुंजी एकत्र सांभाळावी, तिच्या उत्पन्नातून त्या प्रदेशातील संस्थांना अनुदाने द्यावीत आणि मूळ ठेव पुढच्या पिढ्यांसाठी राखावी, ही तिची रीत. आज अमेरिकेत अशी सातशेहून अधिक फाउंडेशने आहेत. या रीतीचा पहिला आराखडा १९१४ साली ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक हॅरिस गॉफ या वकिलाने आखला. तो तेव्हा बँकेचा अध्यक्ष झालेला होता.

गॉफ यांचा जन्म १८५८ च्या डिसेंबरात इलिनॉय राज्यात झाला. त्यांचे बालपण पुढे क्लीव्हलँडमध्ये गेले. १८८१ साली मिशिगन विद्यापीठाची पदवी घेऊन ते या शहरात परतले आणि १८८३ साली त्यांना वकिलीची सनद मिळाली. तेलशुद्धीकरण, पोलाद आणि सरोवरातील जहाजवाहतूक यांच्या जोरावर क्लीव्हलँड तेव्हा झपाट्याने वाढत होते. कंपन्यांचे करार, भागधारकांचे तंटे आणि धनिकांच्या मालमत्तांचे व्यवहार यांना तोटा नव्हता. गॉफ यांची वकिली भरभराटीला आली. उद्योगपतींचा सल्लागार म्हणून त्यांचे नाव झाले, आणि दोन्ही पक्षांना ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो असा माणूस म्हणूनही ते ओळखले जाऊ लागले.

या भरवशाची कसोटी दोनदा लागली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी क्लीव्हलँडलगतच्या ग्लेनव्हिल या गावाचे महापौरपद त्यांच्याकडे आले. घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आणि त्याभोवतीचा जुगार हे त्या गावाचे वैशिष्ट्य होते. गॉफ यांनी तो जुगार बंद केला. दुसरी कसोटी ट्रामगाड्यांच्या वादाची होती. क्लीव्हलँडचे महापौर टॉम जॉन्सन यांना प्रवाशांसाठी तीन सेंटांचे भाडे हवे होते, तर ट्राम कंपनीला आपल्या मालमत्तेचे पूर्ण मोल हवे होते. वर्षानुवर्षे चिघळलेल्या या भांडणात १९०७-०८ च्या हिवाळ्यात कंपनीच्या बाजूने बोलणी करण्याचे काम गॉफ यांच्याकडे आले. त्या मालमत्तेचे मोल ठरवण्याची चर्चा बंद दाराआड न होता लोकांसमोर झाली आणि एप्रिल १९०८ मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी मतदारांनी ती उलथवून टाकली. तरीही दोन्ही बाजूंचे आकडे नागरिकांपुढे मांडून निर्णयाकडे जाण्याची ही पद्धत गॉफ यांच्या पुढील कामातही दिसते.

१९०८ साली गॉफ यांनी भरपूर मिळकतीची वकिली सोडली आणि क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्षपद स्वीकारले. बँकेने आपल्याच संचालकांना आणि अधिकाऱ्यांना कर्ज देऊ नये, असा दंडक त्यांनी घातला. त्या काळी बँकेचे संचालक हेच तिचे मोठे कर्जदार असत, त्यामुळे हा निर्णय अनेकांना रुचणे शक्य नव्हते. पैसा ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्या स्वार्थापासून तो दूर ठेवायचा, हा त्यामागचा विचार होता. पुढे फाउंडेशनची घटना लिहिताना त्यांनी याच विचाराला कायद्याचे रूप दिले.

ट्रस्ट कंपनीचे एक मुख्य काम म्हणजे मृत्युपत्रांची अंमलबजावणी आणि न्यासांचा सांभाळ. या कामात गॉफ यांना एक जुने दुखणे रोज दिसू लागले. दाता मरतो, पण त्याने घातलेली अट मरत नाही. काळ बदलला, गरज संपली, तरी पैसा त्या अटीत अडकून राहतो. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत याला मृतहस्त म्हणतात. मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या व्यवहारावर पकड ठेवून असतो, असा त्याचा अर्थ.

अमेरिकेत याची उदाहरणे थोडी नव्हती. १७९० साली निवर्तलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुण विवाहित कारागिरांना त्यातून पाच टक्के व्याजाने कर्जे द्यायची होती. एकोणिसाव्या शतकात कारखाने आले, उस्तादाच्या हाताखालील उमेदवारीची पद्धत मोडली आणि अटीत बसणारे कर्जदार मिळेनासे झाले. सेंट लुईसचे माजी महापौर ब्रायन मुलॅन्फी १८५१ साली वारले. पश्चिमेकडे वस्ती करण्यासाठी निघालेल्या गरजू वाटसरूंसाठी त्यांनी आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा ठेवला होता. पुढे रेल्वे आली आणि बैलगाड्यांचे तांडे थांबले. पैसा उरला, पण ज्यांच्यासाठी तो ठेवला ते वाटसरू उरले नाहीत. अशा वेळी अट बदलून घेण्यासाठी विश्वस्तांना न्यायालयाची पायरी चढावी लागे. त्यात वर्षे जात आणि वकिलांच्या शुल्कात न्यासाचा पैसा झिजे.

या दात्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांच्यात कमी होती ती भविष्य जाणण्याची शक्ती, आणि ती कोणाच्याच अंगी नसते. म्हणून दात्याची दूरदृष्टी वाढवण्याच्या खटपटीत गॉफ पडले नाहीत. दात्याच्या मागे त्या त्या काळातील जाणत्या माणसांची एक समिती कायम उभी राहील, अशी व्यवस्था त्यांनी शोधली.

२ जानेवारी १९१४ रोजी क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनीच्या संचालक मंडळाने एक ठराव संमत केला आणि क्लीव्हलँड फाउंडेशन अस्तित्वात आले. रचना साधी होती. देणग्या बँकेकडे न्यास म्हणून येतील, बँक त्यांची गुंतवणूक करील आणि दरवर्षी हिशेबाची तपासणी होईल. मात्र उत्पन्न कोणाला द्यायचे हे बँक ठरवणार नाही. तो अधिकार पाच जणांच्या वितरण समितीकडे राहील. त्यांपैकी दोघांना बँक नेमील. उरलेल्या तिघांपैकी एकेकाची नेमणूक शहराचे महापौर, संघीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश आणि मृत्युपत्रांचे खटले चालवणारे न्यायाधीश करतील. सभासद शहराचे रहिवासी असावेत, शहराच्या गरजा त्यांना ठाऊक असाव्यात. राजकीय पदावर असलेल्यांना किंवा त्यासाठी धडपडणाऱ्यांना प्रवेश नसावा. आणि एकाच धर्मपंथाचे दोनांहून अधिक सभासद नसावेत, असेही ठरले. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू या सर्वांच्या शहरात ही शेवटची अट महत्त्वाची होती.

या घटनेतील खरा बदल एका अधिकारात होता. दात्याने एखाद्या कारणासाठी पैसा ठेवला असेल तर त्याची इच्छा पाळायची; पण ते कारण कालबाह्य किंवा अशक्य ठरले तर न्यायालयात न जाता समितीने तो पैसा शहराच्या दुसऱ्या गरजेकडे वळवायचा. आजही अमेरिकेतील कम्युनिटी फाउंडेशनांचा हा कणा मानला जातो.

या योजनेत बँकेचा लाभ नव्हता असे नाही. न्यासांचा सांभाळ हा तिचा व्यवसायच होता आणि नव्या देणग्या तिच्याच तिजोरीत येणार होत्या. समिती लोकांनी निवडून दिलेली नव्हती; शहरातील प्रतिष्ठितांनी नेमलेली होती. दुसऱ्या बँकांनी आपल्या श्रीमंत ग्राहकांना प्रतिस्पर्ध्याच्या दारात का पाठवावे, हा प्रश्नही होता. न्यूयॉर्कने १९२४ साली आपला न्यास उभारताना अनेक बँकांना विश्वस्त करून त्याचे उत्तर दिले आणि क्लीव्हलँडलाही पुढे तोच मार्ग धरावा लागला.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. फाउंडेशन स्थापन झाले, पण त्याच्याजवळ पैसा नव्हता. मृत्युपत्राने मिळणारी देणगी दात्याच्या मृत्यूनंतर येते, आणि देण्याची तयारी दाखवलेले दाते हयात होते. वाटायला काही नसलेल्या वितरण समितीने करायचे काय? गॉफ यांनी तिला शहर समजून घेण्याच्या कामाला लावले. अनुदान देण्याआधी गरज मोजली पाहिजे, हे सूत्र येथून रुजले. खर्चाची तजवीज गॉफ यांनी केली आणि फाउंडेशनने पाहण्यांचे सत्र आरंभले.

१९१० च्या जनगणनेत क्लीव्हलँडची लोकसंख्या ५,६०,६६३ होती आणि सुमारे एक तृतीयांश रहिवासी परदेशात जन्मलेले होते. त्यांची मुले सरकारी शाळांत जात. १९१५ साली लिओनार्ड एअर्स यांच्या नेतृत्वाखाली या शाळांची पाहणी सुरू झाली. वर्ग, इमारती, शिक्षकांची तयारी, परदेशी मुलांचे शिक्षण, हस्तव्यवसाय अशा विषयांवर तिचे २५ खंड निघाले. निष्कर्ष शाळा मंडळाला सुखावणारे नव्हते. १९१७ साली मिनियापोलिसहून फ्रँक स्पॉल्डिंग यांना शाळांचे प्रमुख म्हणून आणण्यात आले आणि सुधारणांना गती मिळाली.

त्यानंतर मनोरंजन आणि क्रीडांगणे यांची पाहणी झाली. मग एका खळबळजनक प्रकरणाने शहराचे न्यायदानच चव्हाट्यावर आले. १९२० साली झालेल्या एका खुनात नगर न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांचेच नाव गोवले गेले आणि अखेर खोट्या साक्षीबद्दल त्यांना शिक्षा झाली. फाउंडेशनचे संचालक तेव्हा रेमंड मोली होते. हेच मोली पुढे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सल्लागारांत गणले गेले. फाउंडेशनने हार्वर्डच्या कायदा विद्यालयातील रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर यांना पाचारण केले. पोलीस, सरकारी वकील, न्यायालये, तुरुंग आणि वृत्तपत्रे अशा सर्वांचा धांडोळा घेणारा त्यांचा अहवाल १९२२ साली ग्रंथरूपाने आला. बँकरने स्थापन केलेली संस्था आपल्याच शहरातील सत्ताधीशांची अशी झडती घेईल, हे अनेकांना अनपेक्षित होते.

दरम्यान गॉफ यांची कल्पना बाहेरही पसरत होती. ते देशभरातील बँकरांना ती समजावून सांगत आणि आपल्या ठरावाचा मसुदा इतर शहरांना उपयोगी पडू देत. शिकागो आणि बॉस्टन येथे १९१५ साली, तर इंडियानापोलिस येथे १९१६ साली असे न्यास उभे राहिले. १९२१ साली कॅनडातील विनिपेगमध्ये विल्यम ॲलोवे यांनी एक लाख डॉलर देऊन तेथील फाउंडेशनचा पाया घातला. तीन वर्षांनी त्याच फाउंडेशनला निनावी देणगी म्हणून एक पाकीट मिळाले. त्यात पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती. थोरांच्या एक लाखांच्या शेजारी कोणा सामान्याचे १५ डॉलर एकाच ठेवीत बसू शकतात, ही या रचनेची मोठी ताकद होती.

गॉफ यांना मात्र ती वार्ता ऐकता आली नाही. १४ मार्च १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा क्लीव्हलँड फाउंडेशनचे वार्षिक उत्पन्न फारसे नव्हते. त्याच वर्षी मोली न्यूयॉर्कला गेले आणि धाडसी पाहण्यांचा काळ ओसरला. फाउंडेशन बराच काळ शांतपणे अनुदाने वाटणारी संस्था बनून राहिले. ठेवी साचत होत्या, पण संस्थापकाची प्रश्न विचारण्याची धमक तेवढ्या वेगाने वाढत नव्हती. शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा जागी झाली. प्लेहाऊस स्क्वेअरमधील जुनी नाट्यगृहे वाचवण्याच्या प्रयत्नाला फाउंडेशनने दिलेला हात हे त्याचे एक ठळक उदाहरण.

आज फाउंडेशनची ठेव अब्जावधी डॉलरची आहे. स्थानिक संस्था अर्ज करतात, कर्मचारी कागद तपासतात आणि प्रत्यक्ष भेट देतात, समिती निर्णय घेते, आणि अनुदान मिळालेली संस्था कामाचा हिशेब देते. मुंबईत १९९१ साली स्थापन झालेला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट हाही याच कुळातला.

गॉफ ज्या बँकेचे अध्यक्ष होते ती क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी आता उरलेली नाही. तिचे नाव बदलले, मग ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. युक्लिड ॲव्हेन्यूवरील तिच्या घुमटाकार इमारतीत २०१५ पासून किराणा मालाचे दुकान आहे. ज्या तिजोरीच्या भरवशावर ठेवी गोळा झाल्या ती तिजोरी गेली. ठेवी मात्र राहिल्या, कारण त्यांच्याविषयीचा निर्णय गॉफ यांनी बँकेच्या हाती ठेवलाच नव्हता. दात्याचा हेतू जसा जुना होऊ शकतो तशी विश्वस्ताची पेढीही कालबाह्य होऊ शकते. आपल्या पश्चात पैशाचे काय व्हावे याचा विचार करणाऱ्या प्रत्येकासमोर गॉफ यांचे हे उदाहरण आहे. त्यांनी पैशाला अटींनी बांधून न ठेवता, पुढे येणाऱ्या माणसांच्या विवेकावर तो सोपवला.