मेणबत्तीची किमया

मायकेल फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. चौदाव्या वर्षी ते एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस राहिले. बांधणीसाठी येणारे विज्ञानग्रंथ वाचता वाचता त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत हम्फ्री डेव्ही यांचे साहाय्यक झाले. १८२५ मध्ये त्यांनी बेंझीनचा शोध लावला.

स्वतः कष्टाने मिळवलेले ज्ञान फॅराडे यांनी मुलांपुढे मुक्तहस्ताने उधळले. १८२७ ते १८६० या काळात त्यांनी नाताळात मुलांसाठी १९ व्याख्यानमाला गुंफल्या. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराजवळ पेटती काडी नेताच ज्योत धुरावरून झेप घेऊन वातीवर परते. ज्योतीवर बर्फाचे भांडे धरताच त्याच्या तळाशी पाण्याचे थेंब जमत. हे सारे जादूच वाटे. परंतु जादूगार रहस्य लपवतो, फॅराडे ते उलगडून दाखवीत. तो धूर म्हणजे मेणाची ज्वलनशील वाफ आणि ते पाणी म्हणजे मेणातील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी झालेला संयोग, हे मुलांना प्रत्यक्ष पाहून उमगे.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅराडे यांचे निधन झाले. मुलांसाठीच्या नाताळ व्याख्यानांची परंपरा त्या संस्थेत आजही चालू आहे.