शुश्रूषेची विद्या

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. त्या नगरीवरूनच तिचे नाव ठेवण्यात आले. वडिलांनी तिला इतिहास व अनेक भाषा स्वतः शिकविल्या. परंतु रुग्णसेवेचा मानस तिने बोलून दाखविताच आई व बहीण ह्यांनी कडाडून विरोध केला. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालये अस्वच्छ असत आणि तेथील परिचारिकांना शिक्षणही नसे व प्रतिष्ठाही नसे.

फ्लॉरेन्सने धीर सोडला नाही. भल्या पहाटे उठून ती रुग्णालयांचे अहवाल अभ्यासू लागली. १८५१ मध्ये ती जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे गेली. तेथे पाद्री फ्लीडनर ह्यांच्या संस्थेत सेविका तयार होत. तीन महिने राहून फ्लॉरेन्सने त्यांच्याबरोबर काम केले. त्यांची निष्ठा तिला थोर वाटली. मात्र स्वच्छता व शुश्रूषेचे ज्ञान ह्यांत ती संस्था उणी होती. १८५३ मध्ये पॅरिसला जाऊन तिने तेथील रुग्णालये व ख्रिस्ती जोगिणींचे सेवाकार्य पाहिले आणि निरनिराळ्या देशांतील पद्धती ताडून पाहिल्या.

पुढल्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांचे हाल ऐकून ती ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचली. रात्री हाती दिवा घेऊन ती रुग्णांची विचारपूस करी. तरीही त्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले. १८५५ च्या वसंतात रुग्णालयाची गटारे साफ झाली, खोल्यांत हवा खेळू लागली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. मायदेशी परतल्यावर मृत्यूंच्या आकड्यांचा अभ्यास करताना ह्याचे मर्म तिला उमगले. प्राण वाचविण्यास केवळ दयाळू अंतःकरण पुरेसे नव्हते; त्याला ज्ञानाची जोड हवी होती.

लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तेथे वर्षभर प्रत्यक्ष रुग्णांजवळ काम व डॉक्टरांची व्याख्याने असे शिक्षण मिळे. कायझर्सवर्थची शिस्त तेथे होती, परंतु कोणत्याही पंथात सामील होण्याची अट नव्हती. प्रकृती ढासळल्यामुळे फ्लॉरेन्स स्वतः तेथे शिकवू शकली नाही. अंथरुणावरून पत्रे लिहूनच ती विद्यार्थिनींना मार्गदर्शन करी.

ह्या शाळेत शिकलेली ल्यूसी ऑसबर्न १८६८ मध्ये पाच परिचारिकांसह ऑस्ट्रेलियातील सिडनीस गेली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात ह्याच धर्तीवर शाळा निघाली. अमेरिकेची लिंडा रिचर्ड्स १८७७ मध्ये इंग्लंडला येऊन ही पद्धती शिकली व पुढे जपानमध्येही तिने परिचारिका घडविल्या.

१३ ऑगस्ट १९१० रोजी फ्लॉरेन्सने देह ठेवला. देशोदेशी हिंडून तिने जे वेचले, ते देशोदेशींच्या रुग्णांच्या कामी आले. सेवा ही मनाची वृत्ती खरी. परंतु ती शिकावी लागते, हा धडा तिने जगाला दिला.